अंबडला क्वालिटी ट्रेनीचा इंटरव्ह्यू आहे, तयारी कशी करू? (डिप्लोमा मेकॅनिकल, मधे एक वर्षाचा गॅप)

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातली. डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, फर्स्ट क्लास आहे. पुढच्या गुरुवारी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी ट्रेनीच्या जागेसाठी बोलावलंय. गाड्यांचे पार्ट बनवतात. आमच्या घरात कंपनीत नोकरी करणारं आजवर कोणी नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. हा ग्रुप बरेच दिवस वाचतेय, म्हणून इथेच विचारते.

माझ्या अडचणी अशा. इंग्रजी वाचून समजतं, पण समोर कोणी बोलायला लागलं की तोंडून शब्द फुटत नाही. दुसरं म्हणजे डिप्लोमा संपल्यावर वडिलांचं ऑपरेशन झालं आणि एक पूर्ण वर्ष मी घरी होते. बाग आणि पॅकहाउसचं काम बघितलं. या गॅपबद्दल नक्की विचारणार, तेव्हा काय सांगू? तिसरं, टेक्निकलमध्ये काय विचारतात? सगळी पुस्तकं काढून बसलेय, पण कुठून सुरुवात करावी कळत नाही. ड्रेसवर गेलं तर चालेल का, की शर्ट-पँटच हवी?

कोणी मार्गदर्शन केलं तर फार मदत होईल.

जुना सातपूरकर

पोरी, आधी ती सगळी पुस्तकं मिटून ठेव. क्वालिटीच्या जागेसाठी फ्रेशर पोरांना मी आयुष्यभर विचारत आलो ते प्रश्न एका वहीच्या चार पानांत मावतात. पण ती चार पानं पक्की पाहिजेत. पाठ नव्हे, पक्की.

पहिलं मोजमाप. व्हर्निअरचा लीस्ट काउंट (साधनाला मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी हे सगळेच सांगतात. तो कसा आला ते विचारलं की दहातले आठ गप्प होतात. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरमध्ये व्हर्निअरचे ५० भाग बसवलेत, म्हणजे एक भाग ०.९८ चा, आणि १ मधून ०.९८ गेले की ०.०२. मायक्रोमीटरचं तसंच. स्क्रूचा पिच अर्धा मिमी, थिंबलवर ५० रेघा, म्हणून ०.०१. हे स्वतः कागदावर मांडून बघ, एकदा समजलं की जन्मात विसरत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ओळख असेल तर एक दिवस जाऊन दोन्ही हातात घे. हात सरावलेला आहे की नाही हे समोरच्याला इन्स्ट्रुमेंट उचलतानाच कळतं.

दुसरं ड्रॉईंग. समज लिहिलंय २५ एच७. याचा अर्थ ते भोक २५.००० ते २५.०२१ मिमीच्या आत हवं, एवढ्या चालणाऱ्या फरकाला टॉलरन्स म्हणतात. मग पुढचा प्रश्न ठरलेला: हे भोक रोज पाचशे पीसमध्ये तपासायचंय, कशाने तपासशील? व्हर्निअर म्हणालीस तर तिथेच थांबतील, कारण २१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) टॉलरन्सला २० मायक्रॉन लीस्ट काउंटचं साधन काय कामाचं? प्लग गेज म्हणायचं. गो बाजू २५.००० ची, ती गेली पाहिजे. नो-गो २५.०२१ ची, ती जाता कामा नये. आणि प्लग गेज फक्त पास-नापास सांगतो, आकडा सांगत नाही. आकडा हवा असेल तर बोअर गेज.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: पीस रिजेक्ट निघाला तर तू काय करशील? पोरं लगेच म्हणतात, 'सुपरवायझरला सांगेन'. बरोबर, पण त्याआधी? तो पीस बाजूला काढून लाल बिनमध्ये टाकायचा, टॅग लावायचा, म्हणजे तो चुकूनही चांगल्या मालात मिसळणार नाही. मग मागे जायचं, शेवटचा ओके पीस कुठला होता तिथपर्यंत. मधला सगळा माल संशयित, तो अडवायचा. हे उत्तर नीट दिलंस तर बाकी दोन प्रश्न चुकले तरी चालेल, कारण इथे पुस्तकातलं नाही, डोकं कसं चालतं ते कळतं.

चौथं म्हणजे तुझं स्वतःचं प्रोजेक्ट. काय होतं?

गॅपबद्दल नंतर लिहितो. पण तू पॅकहाउसमध्ये नेमकं काय करत होतीस ते जरा सविस्तर सांग.

सरळ बोलतो

काकांचं टेक्निकल बरोबर आहे. पण गॅपबद्दल माझा सल्ला ऐक. शेतीचं नाव काढू नकोस. कंपनीवाले लगेच धरून चालतात की ही द्राक्षाच्या सीझनला सुट्ट्या मारणार. सरळ सांग, कॅडचा कोर्स करत होते. कोण सर्टिफिकेट मागतंय? आणि खरं सांगायचं तर अंबडला ओळखीशिवाय काही होत नाही. कोणाची तरी ओळख काढ, बाकी सगळं नंतर.

कॉलेज रोड

मी एचआरमध्ये काम करते, नाशिकमध्येच. वरच्या प्रतिसादाशी अजिबात सहमत नाही, आणि एखादी मुलगी त्यावर विसंबून जाईल म्हणून कळकळीने लिहितेय.

कॅडचा कोर्स केला म्हणालीस की पुढचा माणूस विचारणार कुठला कॅड, कुठे केला, पार्ट मॉडेलिंगमध्ये काय काय केलं. दोन मिनिटांत उघडं पडतं. मग तुझं आधीचं खरं उत्तरही खोटं वाटायला लागतं. क्वालिटी ही तर अशी जागा आहे की तिथे माणसाच्या सहीवर माल बाहेर जातो. रिपोर्टमध्ये न मोजलेला आकडा भरणारा माणूस कुठल्याच कंपनीला नको असतो. तिथे पहिल्याच दिवशी खोटं बोलून शिरायचं?

वडिलांचं आजारपण, घरची जबाबदारी, हे नाशिकमध्ये कुणालाही समजतं. इंटरव्ह्यू घेणारे निम्मे लोक स्वतः शेतकऱ्यांच्या घरातले असतात. दोन वाक्यांत सांगायचं, रडवेलं व्हायचं नाही, आणि आता घरची घडी बसली आहे, मी पूर्ण वेळ काम करू शकते हे स्पष्ट सांगायचं. सुट्ट्यांची शंका त्यांच्या मनात येते हे खरं आहे, म्हणून त्यांनी विचारायच्या आत आपणच सांगून टाकावं.

ओळखीचं म्हणाल तर ओळखीने रिझ्युमे वर येतो, एवढंच. हिला तर बोलावणं आलेलंच आहे.

जुना सातपूरकर

एचआरताईंना शंभर टक्के अनुमोदन.

द्राक्षवेल

सगळ्यांचे खूप आभार. काका, प्रोजेक्ट ड्रिल जिगचं होतं. फ्लॅंजवर सहा भोकं समान अंतरावर पाडायला. चौघांचा ग्रुप होता, ड्रॉईंग आणि बुश (ड्रिलला वाट दाखवणारी नळी) बसवायचं काम माझ्याकडे होतं.

पॅकहाउसचं सांगते. आमचा आणि भाऊबंदांचा माल एकाच ठिकाणी जातो, तिथे मी सुरुवातीला टेबलवर बसायचे आणि नंतर चार टेबलांवर लक्ष ठेवायचे. क्रेटमधून घड उचलायचा तो देठाला धरून, मण्याला हात लावायचा नाही, नाहीतर मण्यावरची पांढरी पावडर पुसली जाते आणि बोटांचे डाग दिसतात. मग कातरीने बारके मणी, तडकलेले, सनबर्नचे, डाग असलेले काढायचे. मण्याची साइज बघायला प्लास्टिकची पट्टी असते, तिला १६, १८, २० मिमीची भोकं. १८ च्या वरचा माल मागितला असेल तर जो मणी १८ च्या भोकातून खाली पडतो तो बाद. बायका सवयीने डोळ्यांनीच ओळखतात, पण मी दर क्रेटमधून थोडे घड घेऊन पट्टी लावून बघायचे. साखर रिफ्रॅक्टोमीटरवर. वजन झालं की पेटीवर लेबल, त्यावर प्लॉटचा नोंदणी नंबर, कारण पुढे कुठली पेटी कुठल्या बागेतली हे ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंद) सापडलं पाहिजे. एकदा एका टेबलवरच्या पेट्यांत बारीक मणी जास्त निघाले, तेव्हा त्या टेबलवरच्या सकाळपासूनच्या पेट्या थांबवून परत उघडायला लावल्या होत्या. बायका चिडल्या होत्या, पण माल तसा जाऊ दिला नाही.

पण हे सगळं इंटरव्ह्यूत सांगण्यासारखं आहे का?

जुना सातपूरकर

सांगण्यासारखं? अगं, मी वर तीन नंबरचा प्रश्न लिहिला, त्याचं उत्तर तू प्रत्यक्षात जगून आली आहेस.

तुझी ती भोकांची पट्टी म्हणजे गो/नो-गो गेज. दर क्रेटमधून थोडे घड तपासायचे ते सॅम्पलिंग. प्लॉट नंबरचं लेबल म्हणजे ट्रेसेबिलिटी, आमच्याकडे तिला लॉट किंवा हीट नंबर म्हणतात. टेबलवरच्या पेट्या अडवून परत उघडल्या, ते सेग्रिगेशन आणि री-इन्स्पेक्शन. आणि बायका चिडल्या तरी ऐकलं नाहीस, ते तर कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. लाइनवर प्रॉडक्शनवाला डिस्पॅचची घाई करत डोक्यावर उभा असतो आणि क्वालिटीच्या पोराला 'माल थांबवा' म्हणायचं असतं. माझ्या हाताखाली आलेल्या हुशार पोरांपैकी कितीतरी याच ठिकाणी मऊ पडायची.

तेव्हा गॅपचा प्रश्न आला की वडिलांचं एका वाक्यात सांग आणि लगेच पॅकहाउसवर ये. 'त्या वर्षात मी निर्यातीच्या द्राक्षांचं सॉर्टिंग आणि तपासणीचं काम बघितलं' असं सुरू कर आणि त्या अडवलेल्या पेट्यांचा प्रसंग सांग. आकड्यांसकट सांग: काय मागितलं होतं, काय निघालं, तू काय केलंस, पुढे काय झालं. मोठे इंग्रजी शब्द पेरायची गरज नाही. द्राक्षाच्याच भाषेत सांग, समोरचा जाणकार असेल तर तो आपोआप जोडून घेईल. नाहीच जोडलं तर शेवटी म्हण, 'ही पट्टी म्हणजे एक प्रकारचा गो/नो-गो गेजच'.

प्रोजेक्टमध्ये दोन प्रश्न नक्की. जिग आणि फिक्श्चरमधला फरक: जिग काम (म्हणजे पीस) धरतं आणि टूलला वाटही दाखवतं, फिक्श्चर फक्त काम धरतं. आणि बुश कडक का करतात, कारण ड्रिल फिरताना तो घासतो, मऊ असेल तर भोक मोठं होत जाईल आणि सहाही भोकं सरकतील. बुश तू बसवलेस ना? मग कुठला फिट दिला होता, म्हणजे भोकात किती घट्ट बसवला होता, ते आठवून जा.

सरळ बोलतो

ठीक आहे, हे वाचून मी माझं म्हणणं मागे घेतो. पॅकहाउसचं हे काम असतं हे मला माहीत नव्हतं. नक्की सांग, ताई.

नोटप्रेसची गल्ली

जेल रोडवरून शुभेच्छा! आमच्याकडे प्रेसमध्ये आणि रेल्वेत लागलेल्यांची पिढी, त्यामुळे घरचे अजून म्हणतात सरकारी बघ. तिकडे आता उलटं झालंय. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' च्या भरतीतल्या मुलाखती बंद केल्या, सगळा भर लेखी परीक्षेवर आणि लागेल तिथे स्किल टेस्टवर. तुझी लेखीची तयारी असेल तर तोही रस्ता सोडू नकोस. बाकी धाग्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे नाही. वाचनखूण साठवली आहे, भाच्याला पाठवतो.

शॉपफ्लोअर

मी अंबडमध्येच क्वालिटीत आहे, इंजिनिअर. कपड्यांचं मी सांगते, कारण हा प्रश्न पुरुषमंडळींनी सरळ ओलांडला.

सलवार-कुर्ता एकदम चालतो. साधा, अंगाला नीट बसणारा, फिका रंग. पण ओढणी असेल तर दोन्हीकडून पिन करून घे किंवा घेऊच नकोस. इंटरव्ह्यू बरा चालला तर बऱ्याच ठिकाणी 'चला, शॉप दाखवतो' म्हणतात. फिरत्या स्पिंडलजवळ सुटी ओढणी, मोकळे केस किंवा हातभर बांगड्या दिसल्या की आमच्या सेफ्टीवाल्याचा जीव वर येतो, आणि त्याचं बरोबरच आहे. केस वर बांधलेले, हातात फक्त घड्याळ. सॅंडल नको, पुढून बंद बूट हवेत. शॉपमध्ये गेलीस तर पिवळ्या रेषांच्या आतून चाल. नवीन माणसाला सेफ्टी कळते की नाही, हे बघणारे लगेच टिपतात.

शॉप दाखवताना मुकाट्याने मागे मागे फिरू नकोस. एखादा बोर्ड दिसेल, त्यावर रिजेक्शनचे आलेख असतील. विचार ना, हे कशाचं आहे म्हणून. लाल बिन दिसला तर त्यावर टॅग आहेत का ते बघ. मला ट्रेनी निवडताना असं टक लावून बघणारी मुलगी सापडली की फार बरं वाटतं.

शिफ्टचं विचारायला लाजू नकोस. क्वालिटीत दुसरी शिफ्ट येतेच. रात्री सुटल्यावर बस कुठपर्यंत सोडते, मुलींसाठी काय सोय आहे, हे शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतील तेव्हा स्पष्ट विचार. त्यात गैर काही नाही. उलट न विचारता रुजू होऊन महिन्याभरात सोडून जाणाऱ्या मुलींमुळे पुढच्या मुलींना घ्यायला कंपन्या कचरतात.

पाथर्डी फाटा

रस्त्याचं मी सांगतो, रोजचा आहे. तुमच्या बाजूने एसटीने येणार म्हणजे निमाणी किंवा सीबीएस. तिथून सिटीलिंकची बस बघा, पण बसच्या भरवशावर अगदी घड्याळ लावून निघू नका. द्वारकेला सकाळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल सांगता येत नाही. कंपनीने नुसतं 'अंबड एमआयडीसी' लिहिलं असेल तर प्लॉट नंबर मागून घ्या. अंबडमध्ये प्लॉट नंबरशिवाय रिक्षावाल्यालाही सापडत नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशीच येऊन गेट बघून जा.

गेटवर आधार कार्ड दाखवून पास करतात. काही ठिकाणी मोबाइल जमा करून घेतात, म्हणून ज्यांना भेटायचं त्यांचं नाव आणि विभाग कागदावर लिहून ठेवा.

कॉलेज रोड

राहिलेल्या गोष्टी.

इंग्रजीबद्दल. सुरुवातीचा परिचय इंग्रजीत तयार ठेव, चार-पाच वाक्यं, स्वतः लिहिलेली. नेटवरून उतरवलेली नकोत. 'माय सेल्फ अमुक अमुक, आय ॲम हार्डवर्किंग ॲंड पंक्च्युअल' हे आम्ही दिवसभर ऐकतो आणि त्यातून माणूस दिसतच नाही. नाव, गाव, शिक्षण, प्रोजेक्ट, आणि पॅकहाउसचं काम. मग टेक्निकल प्रश्न आला आणि अडायला लागलं तर सरळ विचार, 'सर, मी हे मराठीतून सांगितलं तर चालेल का?' प्लांट हेड बाहेरचे असतील तर हिंदीतून. या जागेसाठी तुझ्या इंग्रजीची गरज रिपोर्ट भरण्यापुरती आणि ड्रॉईंगवरच्या सूचना वाचण्यापुरती आहे. ते तुला येतं. उत्तर माहीत असताना भाषेपायी गप्प बसलीस तर आम्हाला वाटतं उत्तरच माहीत नाही.

मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐक. बोलण्याचा वेग आणि 'म्हणजे, म्हणजे' किती येतं ते ऐकल्याशिवाय कळत नाही. आणि घरात कुणालातरी समोर बसवून पॅकहाउसचा प्रसंग सांग. आईला सांग. तिला समजला तर प्लांट हेडला नक्की समजेल.

कागदपत्रं: मूळ प्रती फाइलमध्ये, दाखवायला. द्यायच्या त्या झेरॉक्स, स्वतःची सही करून. मूळ मार्कशीट किंवा डिप्लोमा सर्टिफिकेट 'जमा करून ठेवतो' म्हणाले तर देऊ नकोस, कितीही मोठी कंपनी असो. तसंच मधल्या कुणी 'रजिस्ट्रेशन', 'युनिफॉर्मचं डिपॉझिट', 'मेडिकलचे पैसे' म्हणून आधी रक्कम मागितली तर तिथून उठायचं. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. आपल्या भागातल्या किती मुलांचे यात हजारो रुपये गेले आहेत, बघून पोटात तुटतं.

तपोवनी

एकच भर. येत नसेल ते 'येत नाही' म्हणायला शिक. मी आयटीआयला शिकवतो, माझी मुलं गप्प बसतात किंवा काहीतरी ठोकून देतात. 'हे मला नीट माहीत नाही, पण मला वाटतं असं असावं, कारण...' एवढं म्हटलं तरी पुरतं. त्यातल्या 'कारण'वर समोरच्याचं लक्ष असतं.

द्राक्षवेल

काल इंटरव्ह्यू झाला. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून आल्या आल्या लिहायला बसले होते, पण झोप लागली. आज सविस्तर.

बुधवारी भावाबरोबर येऊन गेट बघून गेले होते, त्यामुळे काल धावपळ झाली नाही. आधी एक लेखी पेपर दिला, त्यात युनिटचं रूपांतर, टॉलरन्स आणि फाइव्ह एसवर (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) प्रश्न होते. मग आत तिघे होते: एचआरच्या मॅडम, क्वालिटीचे मॅनेजर आणि अजून एक सर जे शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

परिचय इंग्रजीत दिला. मॅनेजरसरांनी टेबलावरचा एक बुश आणि व्हर्निअर पुढे केला आणि बाहेरचा व्यास मोजायला सांगितला. काका, तुमचं 'हात सरावलेला' लक्षात होतं, मी सोमवारी कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन आले होते. आधी जबडे पुसले, बंद करून शून्य बघितलं. शून्य जुळत नव्हतं, व्हर्निअरची शून्याची रेघ थोडी पुढे होती आणि ०.०४ दाखवत होता. तसं सांगितलं, मग तीन ठिकाणी मोजून ०.०४ वजा करून आकडा दिला. सर म्हणाले, तीन ठिकाणी का? म्हटलं गोल आहे की नाही तेही कळतं.

पुढे मराठीत विचारू लागले, मला परवानगी मागायची वेळच आली नाही. गॅपचा प्रश्न मॅडमनी विचारला. वडिलांचं एका वाक्यात सांगितलं आणि पॅकहाउसवर आले. पेट्यांचा प्रसंग सांगताना सरांनी मधेच थांबवून विचारलं, 'त्याच टेबलच्या का उघडल्या, सगळ्या टेबलांच्या का नाही?' म्हटलं, बाकीच्या टेबलांवरून प्रत्येकी काही पेट्या तपासल्या, त्यात काही निघालं नाही, आणि त्या टेबलवर त्या दिवशी एक नवीन बाई बसली होती जिला साइज सांगितलीच नव्हती. सर म्हणाले, 'मग चूक तिची का?' मी म्हटलं नाही, सांगायचं काम माझं होतं, दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक टेबलवर पट्टी बांधून ठेवली. यावर बराच वेळ बोलणं झालं.

सीपीके विचारलं, ते नाही आलं. तपोवनी सरांनी लिहिलं तसं सांगितलं, की शिकवलं होतं पण नीट सांगता येणार नाही, प्रोसेस टॉलरन्सच्या आत किती व्यवस्थित बसते त्याच्याशी संबंध असावा.

शॉपफ्लोअर ताई, शॉप दाखवलं! मी लाल बिनवरचे टॅग वाचत होते, तेव्हा न बोलणारे सर पहिल्यांदा बोलले, काय वाचतेस म्हणाले. ते प्लांट हेड होते.

आज दुपारी फोन आला, घेतलंय. सोमवारी लेटर देणार. आता त्यात काय बघायचं?

जुना सातपूरकर

डोळ्यांत पाणी आलं, पोरी. अभिनंदन. शून्य बघितलंस तिथेच अर्धं काम झालं.

सीपीके आता शिकून घे, रोज लागेल. सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर भागिले तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरलीत तो आकडा). गाड्यांच्या पार्टमध्ये साधारण १.३३ च्या वर मागतात. सरासरी एका बाजूला सरकली की सीपी (पूर्ण टॉलरन्स भागिले सहा सिग्मा) तेवढाच राहतो आणि सीपीके पडतो, हे चित्र काढून बघ.

कॉलेज रोड

खूप अभिनंदन! लेटरमध्ये सगळ्यात आधी वरचं नाव बघ. कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं. मग तुला काय म्हणून घेतलंय: ट्रेनी की अप्रेंटिस. दोन्ही शब्द सर्रास एकच समजून वापरतात, पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली अप्रेंटिस घेतलं असेल तर स्टायपेंड मिळतो, पीएफ कापला जात नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन सहसा कंपनीवर नसतं. त्यात वाईट काही नाही, सर्टिफिकेट उपयोगी पडतं. पण आपण कशावर सही करतोय हे माहीत हवं.

कंपनीच्या रोलवर ट्रेनी असशील तर सांगितलेला पगार हातात येणारा की सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च), ते विचार. तुझ्याकडून बेसिक आणि डीएच्या १२ टक्के पीएफ जाईल, तेवढाच वाटा कंपनीचा, आणि बरेचदा सीटीसीत तोही धरलेला असतो. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचे (कामगार राज्य विमा) पाऊण टक्का. त्याचं कार्ड करून घे, आई-वडील तुझ्यावर अवलंबून असतील तर उपचारांसाठी त्यांचीही नावं टाकता येतात. तुझ्या घरी ते उपयोगी पडेल. बॉंड असेल तर किती काळाचा आणि मधे सोडलं तर काय, हे वाचल्याशिवाय सही नको. एक दिवस घरी न्यायला मागितलं तर देतात.

द्राक्षवेल

लेटर मिळालं. वर कंपनीचंच नाव आहे. ट्रेनी, एक वर्ष, मग कामगिरी बघून कायम. बॉंड नाही. पीएफ आणि ईएसआयसी दोन्ही लिहिलंय. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. एक तारखेला रुजू व्हायचंय.

आता रोज निफाडहून येणं दुसऱ्या शिफ्टला जमणार नाही. सिडको किंवा अंबडजवळ मुलींसाठी खोली कुणाच्या माहितीत आहे का?

शॉपफ्लोअर

व्यनि (खासगी निरोप) केलाय. पवननगरला आमच्या दोन मुली राहतात, तिसरी या महिन्यात लग्न होऊन जातेय. मालकीणबाई खालीच असतात, रात्री साडेअकराला बस सोडते तेव्हा फाटक उघडायला त्या स्वतः येतात. रविवारी आईला घेऊन बघून जा. येताना सेफ्टी शूज घेऊ नकोस, कंपनी देते.